उशीर कोणत्या घड्याळाने?

‘दुसरी संपत आली, अजून याला वाचता येत नाही.’ हे वाक्य ज्याने कधी उच्चारले नाही असा प्राथमिक शिक्षक सापडणे कठीण. कधी ते पालकांना उद्देशून असते, कधी मुख्याध्यापकांना, आणि पुष्कळदा त्या मुलाच्या देखतच बोलले जाते. वाक्य साधे आहे, पण त्यातल्या ‘अजून’ या शब्दापाशी जरा थांबायला हवे. गाडीला उशीर झाला असे आपण म्हणतो ते वेळापत्रक ठरलेले असते म्हणून. मुलाने वाचायला कधी लागावे याचे वेळापत्रक कोणी केले? केव्हा केले? आणि ते करताना समोर मूल होते की दुसरेच काही? या प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी आम्ही एकच ठिकाण निवडले आहे : नागपूरची सीताबर्डी. नागपूरकरांची ‘बर्डी’.

बर्डीच निवडण्याचे कारण असे, की महाराष्ट्रातल्या शिक्षणाच्या इतिहासाचे बरेचसे थर इथे एकमेकांवर साचलेले दिसतात. टेकडीवरचा किल्ला १८१७च्या नोव्हेंबरातल्या भोसले-इंग्रज लढाईची आठवण देतो. त्याच परिसरात इंग्रजांची रेसिडेन्सी होती. पुढे मिशनरी आले, सरकारी खाती आली, पटवर्धन हायस्कूलसारख्या शाळा उभ्या राहिल्या. आज सकाळच्या वेळी बर्डीतून गेलात तर दहा प्रकारचे गणवेश दिसतात. किल्ल्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर शून्य मैलाचा दगड आहे. १९०७ साली सर्वेक्षण खात्याने रोवलेल्या या खुणेची समुद्रसपाटीपासूनची उंची १०२०.१७१ फूट नोंदलेली आहे. दशांशाच्या तिसऱ्या स्थळापर्यंत! उंची मोजायची तर ती ‘कशापासून’ हे आधी सांगावे लागते, हे सर्वेक्षकाला माहीत असते. मुलांची मोजणी करताना मात्र तो भाग बहुधा गाळला जातो.

धुळीतली अक्षरे

भोसल्यांच्या अमदानीत, इतर मराठी मुलखाप्रमाणेच, नागपुरातही लिहिणे-वाचणे शिकवीत ते पंतोजी. शाळा भरे ती कुणाच्या ओसरीवर नाहीतर देवळात. लाकडी पाटीवर बारीक धूळ पसरायची आणि काडीने तीत अक्षर कोरायचे. चुकले की हाताने पुसून पुन्हा. छापील पुस्तक नव्हते. म्हणून आज आपण ज्याला ‘वाचायला शिकणे’ म्हणतो ते तिथे पहिले पाऊल नव्हतेच. आधी अक्षर गिरवणे, जोडीला पाढे, पावकी, निमकी, मोठ्याने घोकणे. आणि हाताला अक्षर बसल्यानंतर, हळूहळू, दुसऱ्याने लिहिलेले वाचणे. त्यातही लिप्या दोन. हिशेब आणि पत्रे मोडीत, पोथ्या बाळबोधीत. चांगली मोडी लिहिणारा मुलगा पोथीसमोर अडखळला तर त्याला ‘वाचता येत नाही’ असे कोणी म्हटले असते काय? विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मराठी शाळांत मोडी शिकवली जात होती, हे आज आपण विसरलो आहोत.

या शाळेचा दुसरा विशेष असा, की तिच्यात आजच्या अर्थाने ‘वर्ग’ नसे. पंतोजींसमोर वीस मुले असतील तर ती वीस ठिकाणी असत. एक धुळीवर ‘अ’ काढतोय, दुसरा औटकी म्हणतोय, तिसरा जुने पत्र लावतोय. पुढे गेलेला मुलगा मागच्याला शिकवी. ही पद्धत अँड्र्यू बेल नावाच्या स्कॉटिश पाद्र्याने मद्रासेत पाहिली. तिथली मुले वाळूत अक्षरे काढताना पाहून त्याने आपल्या अनाथाश्रमाच्या शाळेत ती आणली आणि १७९७ साली तिच्याविषयी पुस्तिका छापली. त्यानंतर इंग्लंडमधल्या गरिबांच्या शाळांत वाळूचे ताट जाऊन पोहोचले! आपल्याकडची एखादी रीत परदेशी जाऊन नावारूपाला येते, याचे हे जुने उदाहरण.

सगळे एका वेळी एकाच ठिकाणी नसल्यामुळे मागे कोण पडला हे मोजण्याची सोय या शाळेत नव्हती. पण एवढ्यावरून तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. छडी होती, अंगठे धरून उभे करणे होते, आणि मुख्य म्हणजे ओसरीच्या पायऱ्या सर्वांना चढता येत नव्हत्या. मुली जवळजवळ नव्हत्याच. अस्पृश्य मानलेल्या जातींची मुले तर नव्हतीच नव्हती. त्यांच्या बाबतीत उशीर वर्षांत मोजण्यासारखा नव्हता, तो पिढ्यांत मोजावा लागतो. या मुद्द्याकडे पुढे परत यायचे आहे.

‘इयत्ता’ म्हणजे काय?

१८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले, १८६१ साली मध्य प्रांत निर्माण झाला आणि पुढल्या वर्षी या प्रांताचे शिक्षणखाते सुरू झाले. योगायोग असा, की त्याच १८६२ साली इंग्लंडमध्ये शाळांच्या अनुदानाची एक नवी संहिता अमलात आली. तिने सहा पायऱ्या ठरवल्या आणि प्रत्येक पायरीवर मुलाला काय वाचता आले पाहिजे हे लिहून काढले. तपासनीस वर्षातून एकदा येई आणि एकेका मुलाला उभे करून वाचायला लावी. परीक्षेसाठी प्रत्येक मुलामागे आठ शिलिंग. वाचन, लेखन, गणित यांपैकी एकेका विषयात मूल नापास झाले की दोन शिलिंग आठ पेन्स वजा. हे पैसे शाळेचे, म्हणजे पर्यायाने मास्तरांच्या पगाराचे. न वाचणारे मूल त्या दिवशी प्रथमच खर्चाच्या बाजूला जाऊन बसले.

निकालावर पैसे देण्याची ही कल्पना हिंदुस्थानातही आली. मुंबई इलाख्यात अनुदानित शाळांना ती लागू झाली, आणि १८८२च्या हंटर आयोगाने देशी शाळांना मदत देताना निकालाचा आधार घ्यावा अशी शिफारस केली. इंग्लंडने हा प्रयोग त्या शतकाच्या अखेरीस गुंडाळला. पायऱ्या मात्र राहिल्या, तिथेही आणि इथेही.

त्या पायरीला मराठीने शब्द कोणता घेतला पाहा. ‘इयत्ता’. संस्कृतातल्या ‘इयत्’पासून आलेला हा शब्द, अर्थ ‘इतकेपणा’, म्हणजे माप. आम्ही पहिलीत, दुसरीत म्हणतो तेव्हा अमुक ‘इतके’ झालेले मूल असेच म्हणत असतो. आणि जे मूल अजून कुठल्याच मापात बसत नाही ते ‘बिगरइयत्ते’त, म्हणजे ‘बिगरी’त. अक्षरे आणि बाराखडी अंगवळणी पडेपर्यंत मूल बिगरीत राही. त्याला वर्ष लागो की दोन. पहिली इयत्ता त्यानंतर. जुन्या पिढीतले कोणी ‘आम्ही पहिलीत धडे वाचायचो’ असे सांगतात तेव्हा त्या पहिलीच्या आधी ही बिगरी होती, हे ध्यानात ठेवले पाहिजे. पुढे बिगरी गेली, पहिली राहिली, आणि दोन्हींचे काम एकट्या पहिलीवर येऊन पडले. आजच्या पहिलीच्या मुलाची तुलना आजोबांच्या पहिलीशी करणे म्हणून फसवे आहे.

अर्थात शाळेच्या बाहेरच असलेल्या मुलांसाठी घड्याळ वेगळे होते. १८७७ साली नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली. १८८१च्या कारखान्यांच्या कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी केली आणि सात ते बारा वयाच्या मुलांचे काम दिवसाला नऊ तासांवर आणले. ही सुधारणा होती! म्हणजे सातव्या वर्षी वाचता येणे ही अपेक्षा नव्हती. सातव्या वर्षी गिरणीत जाता येत होते.

१९२९ साली हार्टोग समितीने आकडा काढला : १९२२-२३ मध्ये पहिलीत असलेल्या दर १०० मुलांपैकी १९२५-२६ मध्ये चौथीत पोहोचली ती फक्त १८. समितीने यासाठी दोन शब्द वापरले, अपव्यय आणि स्थगन. आपल्या शिक्षक-प्रशिक्षणाच्या पुस्तकांत ते पिढ्यान्‌पिढ्या घोकले गेले. अपव्यय कशाचा? सरकारी पैशाचा. आकडा खरा होता आणि भयानकही होता, पण त्या ८२ मुलांतली किती जणे शेतावर गेली, किती आजारी पडली, किती जणांना शिक्षकच नव्हता आणि किती जणांना सगळे मिळूनही अक्षर लागत नव्हते, हे त्यातून कळत नाही. या सगळ्यांना एकाच पोत्यात भरण्याची सवय तिथून लागली. ती अजून गेलेली नाही.

वर्ध्याचे उत्तर

बर्डीहून सुमारे पंचाहत्तर किलोमीटरवर वर्धा. तिथे २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. हीच ‘नई तालीम’ची सुरुवात. हस्तोद्योग, स्वावलंबन हे मुद्दे सर्वांना माहीत आहेत. आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळी : समितीने सक्तीच्या शिक्षणाची सात वर्षे धरली ती वयाच्या सातव्यापासून चौदाव्यापर्यंत. इंग्लंडमध्ये १८७०च्या कायद्याने पाचवे वर्ष गृहीत धरले होते; वर्ध्याने दोन वर्षे पुढे सरकून सुरुवात केली. शिवाय साक्षरता म्हणजे शिक्षणाचा आरंभ नव्हे, असे गांधीजींचे मत होते. आत्मकथेत आपल्या वाईट हस्ताक्षराबद्दल हळहळताना त्यांनी एक मार्मिक सूचना केली आहे : लिहिण्याआधी मुलांना चित्रकला शिकवावी, फूल, पक्षी यांच्याकडे पाहावे तसे मुलाने अक्षराकडे पाहावे, आणि वस्तू काढता येऊ लागल्या की मग अक्षर काढावे. उशीर इथे दोष नव्हता, ती पद्धत होती.

मध्य प्रांतात त्या वेळी काँग्रेसचे मंत्रिमंडळ होते आणि रविशंकर शुक्लांची विद्यामंदिर योजना याच विचारातून निघाली. मंत्रिमंडळे १९३९ साली गेली, योजनेचा जोर ओसरला. सेवाग्रामची शाळा पुढे बंद पडली आणि २००५ साली ‘आनंद निकेतन’ या नावाने तिथे पुन्हा सुरू झाली.

पण ‘अक्षर थोडे उशिरा आले तरी चालेल’ हे वाक्य नागपुरातच दुसऱ्या कानांनी ऐकून पाहा. किसन फागुजी बनसोडे यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात नागपुरात दलित मुलींसाठी शाळा काढली. उमरेडच्या जाईबाई चौधरी, ज्यांनी नागपूर-कामठी रस्त्यावर डोक्यावरून ओझी वाहिली, त्या शिक्षिका झाल्या आणि १९२०च्या दशकात त्यांनी चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा चालवली. या माणसांनी ज्या वस्त्यांत काम केले तिथे अक्षर मिळणे हीच लढाई होती. ज्यांना हजार वर्षे थांबवून ठेवले त्यांना आणखी दोन वर्षे थांबा म्हणणे, मग ते कितीही सद्‌हेतूने असो, संशयास्पद वाटणारच. आम्हाला हा संशय रास्त वाटतो. पुस्तकांनी भरलेल्या घरातले मूल सातव्या वर्षापर्यंत वाचायला लागले नाही तर त्याला रोज गोष्टी ऐकायला मिळत असतात. ज्याच्या घरी छापील कागद येतो तो फक्त किराण्याच्या पुडीचा, त्याला ती दोन वर्षे कोण भरून देणार?

तेव्हा प्रश्न असा उरतो : उशिराने नुकसान होते की होत नाही?

दोन उशीर

याचे उत्तर गेल्या चाळीसेक वर्षांतल्या संशोधनातून बरेचसे मिळते, आणि ते ‘हो’ही आहे, ‘नाही’ही आहे.

न्यूझीलंडमध्ये सेबॅस्टियन सगेट आणि सहकाऱ्यांनी पाचव्या वर्षी वाचन सुरू करणारी मुले आणि सातव्या वर्षी सुरू करणारी मुले यांची तुलना केली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार अकराव्या वर्षापर्यंत दोन्ही गटांच्या वाचनात फरक उरला नव्हता. म्हणजे सुरुवातच उशिरा केली तर मुले गाठतात. त्याउलट कॉनी ज्यूएल यांनी अमेरिकेत टेक्सासमधल्या एका शाळेत ५४ मुलांचा पहिली ते चौथी पाठपुरावा केला. १९८८ साली त्यांनी दाखवून दिले, की पहिलीच्या अखेरीस वाचनात कच्चे असलेले मूल चौथीतही कच्चेच राहण्याची संभाव्यता ०.८८ होती. म्हणजे शिकवणे सुरू झाल्यावर जे मूल अडकले ते केवळ वाट पाहून सुटत नाही.

दोन्ही अभ्यास एकमेकांना खोडून काढत नाहीत. ते दोन वेगळ्या उशिरांबद्दल बोलतात. एक उशीर शिकवण्याचा, दुसरा शिकण्याचा. पहिल्यात मुलाला अजून संधीच दिलेली नाही. दुसऱ्यात संधी दिली, शिकवले, आणि तरी काहीतरी अडले. आपल्या शाळांत नेमका घोळ होतो तो इथे. ज्याला अजून नीट शिकवलेलेच नाही त्याला आपण मंद ठरवतो, आणि जो खरोखर अडकला आहे त्याच्याबद्दल ‘मोठा झाला की येईल’ म्हणून निश्चिंत राहतो.

यात मराठीच्या लिपीचा भागही मोठा आहे. युरोपातल्या तेरा भाषांमधल्या मुलांचा एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. वर्षभर शिकल्यानंतर फिनलंडची मुले ओळखीचे शब्द ९८ टक्के अचूक वाचत होती, स्कॉटलंडमधली इंग्रजी वाचणारी मुले ३४ टक्के. फिनलंडमध्ये शाळा सातव्या वर्षी सुरू होते, स्कॉटलंडमध्ये पाचव्या, तेव्हा वयाचा वाटा आहेच. पण मुख्य कारण लिपी आणि उच्चार यांच्यातल्या नात्याचे. फिनिश जसे लिहिले तसे वाचले जाते, इंग्रजीचे सर्वांना ठाऊकच आहे.

मग देवनागरी कुठे बसते? आपण अभिमानाने सांगतो की ती उच्चारानुसारी आहे. ते बव्हंशी खरे. पण शिकणाऱ्या मुलाच्या बाजूने हिशेब करा. छत्तीस व्यंजने, प्रत्येकाची बाराखडी, म्हणजे ४३२ रूपे, त्यावर जोडाक्षरे. पहिली वेलांटी लिहायची आधी आणि उच्चारायची नंतर. ‘र’ची तऱ्हा तर विचारूच नये : ‘सर्प’मध्ये डोक्यावर, ‘चक्र’मध्ये पोटात, ‘ट्रक’मध्ये पायाशी आणि ‘दुसऱ्या’मध्ये आणखी निराळा. ‘च’ एकच, पण ‘चमचा’तला आणि ‘चहा’तला सारखा नाही. आणि ‘घ’, ‘र’ ही दोन अक्षरे म्हटल्यावर शेवटचा ‘अ’ गिळून ‘घर’ होते, हे मुलाला कोणी सांगत नाही. ते त्याने स्वतःच ताडायचे असते. ‘क, म, ळ’ असे सुटे म्हणून ‘कमळ’पाशी न पोहोचणारे मूल आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिले आहे.

कन्नड लिपीची घडण देवनागरीसारखीच. सोनाली नाग यांनी २००७ साली दाखवले की कन्नड मुलांना सगळी अक्षररूपे आत्मसात करायला चौथीपर्यंतचा काळ लागतो. सव्वीस अक्षरांच्या लिपीसाठी बेतलेले घड्याळ आपण चारशे रूपांच्या लिपीला लावतो. मराठीच्या बाबतीत पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यातल्या शाळांचा असाच दीर्घ अभ्यास झाला. २०१७ साली त्याचा अहवाल आला. तिसरीच्या अखेरीसही बऱ्याच मुलांना साधा उतारा वाचता येत नव्हता. त्या मुलांपैकी अनेकांच्या घरची बोली पुस्तकातल्या मराठीहून वेगळी होती, हे विशेष.

घरच्या बोलीवरून पुन्हा बर्डीकडे येऊ. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी १८४५ साली नागपुरास आला, पुढल्या वर्षी त्याने शाळा काढली. विज्ञानाच्या वाचकांना तो भूगर्भशास्त्रज्ञ म्हणून ठाऊक असेल. रॉबर्ट हंटरबरोबर त्याने नागपूर परिसरातल्या खडकांवर आणि जीवाश्मांवर लिहिले. पण त्याने आणखी एक काम केले होते. गोंडी शब्दांच्या याद्या आणि गोंडी गीते त्याने उतरवून घेतली. १८६३ साली बोरीजवळ ओढ्याच्या पुरात त्याचा मृत्यू झाला. हे कागद रिचर्ड टेंपलने १८६६ साली छापले. गोंड राजाने वसवलेल्या या शहराच्या आसपास घरी गोंडी बोलणारी मुले होती आणि आहेत. शाळेत त्यांच्यासमोर एकाच वेळी दोन डोंगर उभे राहतात, लिपीचा आणि भाषेचा. वाचता आले नाही तर आपण दोष मात्र एकाचाच काढतो.

इतके लांब तरी कशाला जा! वऱ्हाडी-नागपुरी बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो. ‘डोळा’चा ‘डोया’, ‘काळा’चा ‘काया’. पुस्तकात ‘डोळा’ पाहून ‘डोया’ म्हणणाऱ्या मुलाने चूक केली काय? आमच्या मते त्याने दोन कामे केली : अक्षर ओळखले आणि शब्दाचा अर्थ लावून तो आपल्या बोलीत म्हटला. न समजता ‘डो-ळा’ म्हणणाऱ्यापेक्षा तो पुढे आहे. तपासणी करणारा बाहेरचा असला तर मात्र त्याच्या तक्त्यावर हमखास फुली पडते.

पर्सी आणि महाराष्ट्र

आता दुसऱ्या उशिराकडे. ७ नोव्हेंबर १८९६च्या ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये डॉ. प्रिंगल मॉर्गन यांनी पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाची हकीकत छापली. हुशार, खेळात तरबेज, नजर उत्तम. सात वर्षांपासून शिकवणी चालू, आणि तरी एकेका अवयवाचे साधे शब्दही वाचता येत नाहीत. स्वतःचे नाव लिहिताना मधली अक्षरे उलटी पडून ते ‘प्रेसी’ होई. हाच मुलगा ७४९ गुणिले ८६७ बिनचूक करी, आणि बीजगणितातला (अ + क्ष)(अ − क्ष) हा गुणाकारही सोडवी. त्याच्या शिक्षकाचे मत असे होते, की सारे शिक्षण तोंडी असते तर हा मुलगा शाळेत सर्वांत हुशार ठरला असता. वाचनाची अडचण आणि बुद्धी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे इथे एका शिक्षकाने ओळखले होते, डॉक्टरांनी ते नोंदवले. आज या अडचणीला आपण ‘डिस्लेक्सिया’ म्हणतो. अक्षरे आणि ध्वनी यांची जोडणी मेंदूत सहजी न होणे हा तिचा गाभा आहे. ती बहुधा घराण्यात चालत येते, आणि डोळ्यांशी वा आळसाशी तिचा संबंध नाही.

पर्सीच्या हकिकतीनंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९९६ साली, महाराष्ट्राने अशा मुलांना शालान्त परीक्षेत जास्त वेळ आणि इतर सवलती दिल्या. देशात असे करणारे हे पहिले राज्य. त्याच वर्षीच्या कायद्याने राज्यातल्या बालवाड्यांच्या प्रवेशासाठी मुलांच्या मुलाखती आणि चाचण्या घेण्यावर बंदी आली. एकाच वर्षी एका निर्णयाने घाई करणाऱ्यांना आवर घालायचा प्रयत्न केला, दुसऱ्याने अडकलेल्यांची दखल घेतली. दोन्ही उशीर एकाच वर्षाच्या सरकारी कागदांत वेगवेगळे झाले होते! शाळांमध्ये ते वेगळे व्हायला अजून वेळ लागतो आहे.

याचे एक कारण साधने. मुंबईच्या इस्पितळांतून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांतली बरीचशी मुले इंग्रजी माध्यमाची होती, कारण चाचण्या इंग्रजीत होत्या. मनेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा चार भाषांत ‘दाली’ ही चाचणी तयार केली ती २०१५ साली. म्हणजे १९९६ ते २०१५ या काळात बर्डीच्या इंग्रजी शाळेतल्या मुलाची अडचण ओळखली जाण्याची शक्यता, शेजारच्या मराठी शाळेतल्या मुलापेक्षा कितीतरी जास्त होती. एकाला प्रमाणपत्र मिळे, दुसऱ्याला ‘ढ’ ही पदवी. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमतेला स्पष्ट स्थान दिले.

घड्याळाच्या बाबतीतही थोडे शहाणपण आले आहे. २०२१ साली सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ने तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान साठ शब्द हे लक्ष्य ठेवले, भाषा कोणतीही असो. २०२२च्या राष्ट्रीय पायाभूत अध्ययन सर्वेक्षणात मात्र वीस भाषांसाठी वेगवेगळे मापदंड काढण्यात आले. लिपीगणिक आणि भाषेगणिक वेग निराळा असतो हे त्यामुळे अधिकृतपणे मान्य झाले, असे म्हणायला हरकत नाही.

वर्गात हे दोन उशीर वेगळे काढायचे कसे? चाचणीच्या आधी शिक्षकाला बरेच काही करता येते. पहिली गोष्ट नजर आणि कान तपासून घेणे. आश्चर्य वाटेल इतक्या वेळा अडचण तिथेच निघते. दुसरी, हजेरीपत्रक उलगडून मूल खरोखर किती दिवस शाळेत होते ते मोजणे. तिसरी, पुस्तक मिटून नुसते तोंडी विचारणे : ‘कमळ’मधला पहिला आवाज कोणता? ‘पाटी’तला ‘पा’ काढला तर काय उरते? ‘गाडी’शी जुळणारा शब्द सांग. ज्याला हे जमते, गोष्ट ऐकून नीट सांगता येते, पण अक्षरे मोजकीच ठाऊक आहेत, त्याला बहुधा शिकवण्याची गरज आहे. ज्याला रोज येऊन, वर्षभर शिकून, हे तोंडी खेळही जड जातात आणि काल आलेले अक्षर आज नवे वाटते, त्याची गोष्ट वेगळी.

चौथी गोष्ट नोंदीची. ‘वाचता येत नाही’ एवढेच न लिहिता दहा अक्षरे, दहा साधे शब्द आणि चार वाक्ये एका चिठ्ठीवर घ्यावीत आणि दर दोन महिन्यांनी तीच चिठ्ठी त्याच मुलापुढे ठेवावी. काय आले, काय नाही, बोलीतला उच्चार कोणता आणि खरी चूक कोणती हे तारखेसह लिहावे. उशिरा सुरुवात झालेल्या मुलाच्या कागदावर चार महिन्यांत फरक दिसू लागतो. नीट शिकवूनही ज्याचा कागद दोन खेपांत हलला नाही त्याच्या आईवडिलांना बोलवायला वार्षिक परीक्षेपर्यंत थांबू नये, आणि त्या भेटीच्या वेळी मूल वर्गाबाहेर खेळत असलेले बरे.